कुंकू लावलेला थर्मामीटर

दसऱ्याला लोक सोनं वाटत फिरतात. मी तळोज्याच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये टोल्यूइन नावाचं सॉल्व्हंट उकळत बसलो होतो. प्लँटला सण कळत नाही. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "लेकीला बघायला पाचला येताहेत. पाहुणे आहेत, तुमचा टँकर नाही, गेटवर थांबायला." मी म्हटलं, "तीनला निघतो." माझ्या असल्या वचनांवर आमच्या घरात कुणी कुकरही लावत नाही.

काम तसं पोरकट. टोल्यूइन चंबूत तापवायचं, वाफेत थर्मामीटर धरायचा, आकडा एकशे दहाच्या जरा वर स्थिरावला की टँकर सोडायचा. आकडा आला एकशे सहा. म्हणजे मालात पाणी, नाहीतर भेसळ. नवा नमुना मागवला, एकशे सहा. चंबू बदलला, तेच.

प्रॉडक्शनचे साहेब दारात येऊन उभे राहिले. "काय हो, लॅब माथेरानला हलवलीत का? डोंगरावर म्हणे लवकर उकळतं."

"तुमचा माल तपासा आधी."

"माल कालचाच आहे. काल तुम्हीच पास केलात."

तेवढ्यात बायकोचा फोन. "आले ते. काय सांगू त्यांना?"

"सांग, उकळतंय, पण लवकर उकळतंय."

तिनं फोन ठेवला.

जोडणी मांडायचं काम लॅबमधल्या मदतनीस ताईंचं. त्या जवळच्या कोन गावाहून येतात. त्यांच्या हातून काच कधी फुटत नाही. मी चिडून पुन्हा मांडायला सांगितलं आणि या वेळी समोरच खुर्ची ओढून बसलो. तेव्हा दिसलं. थर्मामीटरचा पाऱ्याचा फुगा पार वर, बुचाला टेकलेला. वाफ त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच बाजूच्या नळीनं निघून जात होती. दिवसभर मी आकड्याशी भांडत होतो, थर्मामीटरकडे बघितलंच नव्हतं.

"ताई, हा एवढा वर का?"

"त्याला कुकू हाय ना, सर. काल पूजेला लावलेलं. खाली सोडला तर वाफेनं धुऊन जाईल."

"मग पुसून टाकायचं."

"तुमीच बोललात, दसरा होईपर्यंत पूजेचं कुकू कोणी पुसायचं नाय."

बोललो होतो. खंडेनवमीला उपकरणांची पूजा करताना मला अंगात भटजी आल्यासारखं होतं.

"दुसरा थर्मामीटर द्या."

"सगल्यांना लावलंय, सर. तुमीच."

मी नमस्कार केला, कुंकू पुसलं, फुगा खाली घेतला. आकडा आला, अगदी जिथे यायचा तिथे. साहेब थर्मामीटरला नमस्कार करून टँकर सोडायला गेले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पनवेलला घरी पोचलो तेव्हा बायको बशा आवरत होती.

"रागावले का?"

"मुलाच्या वडिलांनी दोनदा विचारलं तुमचं. मग त्यांनीही सोडून दिलं."

लेक मात्र खुशीत होती. "बरं झालं बाबा. तुम्ही असतात तर त्याची तोंडी परीक्षाच घेतली असतीत. आम्हाला गच्चीवर निवांत बोलता आलं."

"मग?"

"रविवारी भेटतोय. बाहेरच."

"कुठे?" मी विचारलं.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तुम्हाला नाही बोलावलं."