देवपुरात आलेले बंद डबे

देवपुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्त झालेला डबा, म्हणजे जुना कॉम्प्युटर, गिऱ्हाईक घरी घेऊन जातं. त्याचा किस्सा मात्र इथंच टाकून जातं. आता तर सुट्या पार्टपेक्षा किस्सेच जास्त साचलेत. बायको विचारते, "भंगारवाला हे नेत नाही का हो?"

---

शिरपूरकडचे एक नाना, कापसाचे व्यापारी. "धा मिनिटं चालस, मंग फटकन बंद!"

कॅबिनेट उघडलं, तर पंखा कापसानं गच्च. फिरणार कसा? ब्लोअर मारून साफ करून दिला आणि बजावलं, "नाना, कापूस आत जाऊ देऊ नका."

आठ दिवसांत पुन्हा फोन. तोच आजार! वैतागून थेट त्यांच्या ऑफिसात गेलो. बघतो तर कॉम्प्युटरवर वरपासून खालपर्यंत जाडजूड गोधडी!

"नाना, हे काय?"

"तूच सांगेल शे ना, कापूस जाऊ द्यावाना नही!"

---

एका शाळेच्या मॅडम. त्यांच्या जुन्या डब्यावर सारखी निळी स्क्रीन यायची. फोनवर म्हटलं, "मॅडम, त्यावर काय लिहिलंय ते वाचा."

"इंग्रजीत आहे."

"तेच वाचा."

"थांबा, चष्मा आणते... गेलं की हो!"

असं चार वेळा झालं. शेवटी हात जोडून म्हणालो, "आता आलं की फक्त फोटो पाठवा."

फोटो आला. स्क्रीन केव्हाच काळी झालेली, आणि त्या काळ्या काचेत मोबाइल धरून उभ्या असलेल्या मॅडम स्पष्ट दिसत होत्या. खाली मेसेज: "हाच प्रॉब्लेम आहे."

---

आणि अमळनेरकडचे आबा. रिटायर्ड मास्तर. गावोगाव फिरून अहिराणी शब्द गोळा करत होते. नऊ वर्षांचं काम, सगळं एकाच जुन्या मशीनमध्ये. आणि मशीन सुरूच होईना!

रॅम काढून खोडरबरनं घासली, तेव्हा कुठं चालू झालं. पण हार्ड डिस्क आतून टकटक करायला लागली. ही गेली, तर नऊ वर्षं गेली! कॉपी करायला लावली, अर्ध्यात निळी स्क्रीन. पुन्हा लावली, पुन्हा निळी स्क्रीन. दुसऱ्या दिवशी तर जेवणही गेलं नाही. बाकीची सगळी गिऱ्हाइकं परत पाठवली. आबा रोज सकाळी एस.टी.नं यायचे आणि स्टुलावर शांत बसून राहायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची फाइल उतरली. माझे डोळेच भरून आले.

"आबा, बठ्ठं वाचलं, सगळंच्या सगळं! पण इतकं मोलाचं काम, एक कॉपी तरी ठेवायची ना हो!"

"शे ना. घर बठ्ठं वहीमा लिखेल शे. पहिले वही, मंग कॉम्प्युटर."

"मग तीन दिवस बोलला का नाहीत?"

"तू इचारंच नही," आबा उठत म्हणाले. "आनि तू इतला घाबरी गयथा, तुले धीर देवाले बशेल व्हतू!"