मामाची मुलगी, पर्याय चार

गुरव सरांना लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं "भात वाढू?" असं विचारलं, तरी ते म्हणत, "पर्याय सांग." बेळगावात शहापूरच्या आमच्या शाळेत ते हुशार मुलांकडून बुद्धिमत्ता चाचणीची तयारी करून घेत. चार पर्यायांत न बसणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ पाल्हाळ होतं.

आमच्या घरी साड्यांचे माग. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावलं होतं, "निवासी शाळेत नंबर लागला तर शीक, न्हायतर सातवी झाली की मागावरच्या सुताच्या कांड्या भराय बस." मला तर शिकायचंच होतं. त्या शाळेच्या प्रवेश परीक्षेत प्रश्न आला : राजूच्या मामाची मुलगी राजूची कोण? सरांनी स्वतःच्या मामाची मुलगी केलेली. आमच्या गल्लीतही निम्म्या घरांत तेच. मी बिनधास्त 'बायको'वर खूण केली आणि एका मार्कानं माझा नंबर हुकला.

सर पेटले. मला, त्यांच्या बायकोला म्हणजे काकूंना आणि स्वतःच्या ठार बहिऱ्या सासऱ्यांना घेऊन ते थेट परीक्षेच्या ऑफिसात गेले.

"साहेब, हा माझा मामा. ही त्याची मुलगी. आता सांगा, ही माझी कोण?"

"मामेबहीण," साहेब म्हणाले.

"अवो, चार पोरं हाईत आमास्नी!" काकू ओरडल्या.

मामांना वाटलं, जावई मुलगी परत द्यायला आलाय. ते काठी आपटत म्हणाले, "तीस वर्सं नांदवून आता परत आणलास व्हय रं? मी न्हाय घेणार!" साहेब हसून हसून बेजार झाले, पण मार्क काही दिला नाही.

त्याच संध्याकाळी सर आमच्या घरी आले. "आप्पा, पोरीला शिकवायचं. अ, माझ्या शाळेत. ब, माझ्या घरात. क, दोन्हीकडं. ड, वरीलपैकी सगळं." आप्पा बराच वेळ त्यात 'न्हाय' शोधत राहिले. शेवटी म्हणाले, "ड." सर "बरोबर!" म्हणाले आणि चहा न घेताच उठले.

मी शिकले. आता कॉलेजात शिकवते. गेल्या वर्षी सर गेले, तेव्हा त्यांच्या दारात मी लहान पोरीसारखी रडत होते. त्यांच्याकडच्या एका पाहुण्यानं हळूच विचारलं, "तुम्ही सरांच्या कोण?"

मी म्हटलं, "पर्याय सांगा."