अंगठा, क्वीन आणि कर्णिक सर

कॅरमच्या पावडरीचं एक असतं. कितीही झटका, घरी पोचल्यावर कुठे ना कुठे सापडतेच. कधी पर्समध्ये, कधी चष्म्याच्या दांडीवर. आमच्या संघटनेचे किस्से तसेच आहेत. मी पंच म्हणून शिरले, पुढे संयुक्त सचिव झाले, आणि एवढ्या वर्षांत इतके किस्से अंगावर बसलेत की कुठून सुरू करू कळत नाही. त्या एका मीटिंगचेच सांगते. त्या दिवशी हसणारे खूप होते, मी मात्र त्यांत नव्हते.

मीटिंग नियमबदलांची. देशभरातून राज्यांचे प्रतिनिधी आलेले, आणि हॉल करंजाड्याच्या एका सोसायटीचा, कारण तो आमचे खजिनदार म्हात्रेकाका यांच्या बिल्डिंगमधला. अजेंड्यावर बरंच काही होतं. माझं लक्ष एकाच ओळीवर. 'अंगठ्याने मारलेला स्ट्रोक फाऊल धरावा. नियम तत्काळ लागू.'

माझी मुलगी सायली अंगठ्याने खेळते. आणि पुढच्या आठवड्यात तिची एका कंपनीत स्पोर्ट्स कोट्याची ट्रायल होती. टीममध्ये घेतलं की नोकरी! नियम झाला तर ट्रायलला बसून ती करणार काय, हातांची घडी?

* * *

पहिला विषय खुर्चीचा. कॅरममध्ये स्ट्रोक मारताना खुर्चीवरून उठायचं नाही, हा जुना नियम. आता प्रस्ताव असा की थोडं उठलं तर चालावं. थोडं म्हणजे किती?

कोलकात्याचे घोषदा म्हणाले, "एक कागज सरकना चाहिए, बस!"

लगेच प्रात्यक्षिक. घोषदा स्वतः बसले, पुढे वाकले, आणि कुणीतरी हाताशी आलेला कागद त्यांच्याखाली सरकवला. कागद गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आनंदात घोषदा धपकन खाली बसले. मग त्यांना उठवायच्या आधीच एकाने कागद ओढला, आणि अर्धाच हातात आला!

तो अध्यक्षांचा अजेंडा होता. खाली राहिला तो अंगठ्याचा भाग.

अध्यक्ष कर्णिक सर शांतपणे म्हणाले, "ज्या विषयावर सन्माननीय सदस्य बसलेले आहेत, तो जेवणानंतर घेऊ."

हॉल हसला. मी मोबाईल बघितला. सायलीचा मेसेज होता : 'झालं का?'

* * *

कर्णिक सर म्हणजे एके काळचे चॅम्पियन. पांढरा सफारी, ताठ मान, बोटं अजून पियानो वाजवणाऱ्याची. अंगठाबंदीचा प्रस्ताव त्यांचाच. "हल्ली मॅचेस लाइव्ह दिसतात. अंगठा लावला की खेळ गल्लीतला वाटतो," हे त्यांचं म्हणणं. आणि वर, "मी आयुष्यभर खेळलो. माझ्या अंगठ्याला पावडर लागलेली कुणी पाहिलीय?"

कुणीच पाहिली नव्हती.

खोकल्याचा विषयही त्यांचाच. प्रतिस्पर्धी स्ट्रोक मारत असताना खोकणं हा फाऊल! घोषदांनी विचारलं, "खांसी असली या नकली, अंपायर कैसे बताएगा?" सर उसळले. म्हणाले, खोकला ही शिस्तीची बाब आहे, माणसाने मनात आणलं तर खोकला आवरता येतो.

नेमकं तेव्हाच म्हात्रेकाकांना गरम झालं आणि त्यांनी पंखा लावला. टेबलावर डेमोचा बोर्ड होता, त्यावर सकाळची पावडर. सगळी उडाली ती थेट अध्यक्षांकडे.

सर बोलायचे थांबले. लाल झाले. डोळ्यांतून पाणी आलं, पण खोकले नाहीत! अख्खा हॉल श्वास धरून बघत होता. शेवटी म्हात्रेकाकाच हात जोडून म्हणाले, "सर, खोका आता. नियम अजून पास झाला नाय."

* * *

जेवताना मी मतांचा हिशेब मांडत होते. मला मत नव्हतं. मतमोजणी माझ्याकडे, म्हणून मी मत द्यायचं नाही, ही आमची पद्धत. आणि बोलावं तर लगेच, 'मॅडम मुलीसाठी बोलतात.'

खरं तर या सगळ्यांना आमचं दिघ्याचं जुनं घर दाखवायला हवं होतं. एकच खोली. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट, मधे कॅरम. सायली कपाटाला पाठ लावून बसायची आणि बोर्ड पोटाला टेकायचा. मागे सरकायला जागा नाही, त्यामुळे जवळची सोंगटी मारायला मनगट वळायचंच नाही. मग पोरीने अंगठा काढला. कुणी शिकवला नाही. शाळेच्या स्पर्धेत तिचा तो स्ट्रोक बघून कर्णिक सर बोर्डाजवळ बराच वेळ उभे राहिले होते. काही बोलले मात्र नाहीत. तेव्हा मला वाटलं, आवडला असेल. आता वाटत होतं, तेव्हाच खटकला असेल!

हात धुताना मी म्हात्रेकाकांना गाठलंच. "काका, तुम्ही तरी विरोधात टाकाल ना?"

काका कसनुसे झाले. "मॅडम, सायली आमची पोर हाय. पन सर बी आमचेच हायेत. कोनाला दुखवू?"

सायलीचा मेसेज : 'आई, सांग ना. सरावात लक्ष लागत नाहीये.'

माझंही लागत नव्हतं. पण आईने असं लिहायचं नसतं. मी लिहिलं, 'अजून खुर्चीच चालू आहे.'

* * *

आता अंगठ्याचं मतदान. आमच्याकडे हात वर करत नाहीत. एक कापडी पिशवी फिरते, त्यात प्रत्येकाने सोंगटी टाकायची. बाजूने असाल तर पांढरी, विरोधात असाल तर काळी. अध्यक्ष टाकत नाहीत, बरोबरी झाली तरच त्यांचं मत.

पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. मी ओळी लावून मोजल्या. पांढऱ्या सहा. काळ्या सहा.

आणि एक लाल. क्वीन!

"हे कुणी केलं?" सर गरजले.

म्हात्रेकाका छताकडे बघत होते.

कुणी म्हणालं बाद करा, कुणी म्हणालं पुन्हा पिशवी फिरवा. सर म्हणाले, "काही गरज नाही. बरोबरी आहे. माझं मत पांढरं." आणि त्यांनी पांढरी सोंगटी उचलली.

मी डोळे मिटले. संपलं.

तेवढ्यात घोषदा उठले. "दादा, टेबल पे क्वीन है। क्वीन को कवर चाहिए। और कवर हाथ से नहीं होता, स्ट्राइकर से होता है!"

सगळा हॉल ओरडायला लागला. "कव्हर! कव्हर!" सर आधी चिडले. मग बोर्डाकडे बघितलं. एवढ्या लोकांनी खेळा म्हटल्यावर जुना चॅम्पियन किती वेळ नाही म्हणणार? ते बसले. सफारीची बाही वर केली. घोषदांनी क्वीन एका पॉकेटमध्ये टाकली आणि पांढरी सोंगटी बोर्डावर ठेवली.

ठेवली ती सरांच्या बेसलाइनच्या मागे, त्यांच्याच उजव्या पॉकेटजवळ, जिथली सोंगटी बोटाने मारायची तर मनगट उलटं वळवावं लागतं.

सरांनी स्ट्रायकर लावला. एकदा सोंगटीकडे बघितलं. क्षणभरही थांबले नाहीत.

टक्!

सोंगटी पॉकेटमध्ये. काय सुंदर स्ट्रोक होता! टाळ्या वाजायला सुरुवात झाली आणि एकेक करत थांबली. सगळे सरांच्या हाताकडे बघत होते. सरही बघत होते. बोटं मिटलेली होती आणि अंगठा तेवढा बाहेर.

कुणी खोकलंसुद्धा नाही.

मी पंच. तोंडातून आपोआप निघालं, "सर, हे मत मोजायचं, तर नियम तत्काळ लागू होतो, आणि मग हाच स्ट्रोक फाऊल धरावा लागेल."

सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता माझं पद गेलं. सायलीची नोकरी तर गेलेलीच होती.

त्यांनी पॉकेटमध्ये हात घातला. पांढरी सोंगटी काढून बाजूला ठेवली. मग क्वीन काढली, सफारीला पुसली, आणि बोर्डाच्या मधोमध, अगदी गोलात, नीट ठेवली.

"पुढचा विषय," ते म्हणाले. मी अंगठ्याच्या ओळीपुढे 'नामंजूर' लिहिलं.

संध्याकाळी सगळे निघाले. मी सोंगट्या डब्यात भरत होते. सर दारापर्यंत गेले, थांबले, आणि मागे न बघता म्हणाले,

"मुलीला सांगा, अंगठ्याला पावडर लावत जाऊ नकोस. सरकतो."