वकीलबाईंपुढे शूरपणा नको

आमच्या वकीलबाईंना रडणारा पक्षकार चालायचा, शूर पक्षकार अजिबात चालत नसे. "कसं काय?" असं विचारल्यावर कोणी सवयीनं "बरं आहे" म्हणालाच, तर त्या चष्मा कपाळावर चढवायच्या. "बरं आहे ना? मग घरी जा. माझ्याकडे कशाला आलात?"

मी त्यांच्याकडे गेलो ते नव्वदच्या दशकात. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर माझ्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती, अंगठा तेवढा उरला. मालकाचं म्हणणं, माणूस धडधाकट आहे, गेटवर बसून कामही करू शकतो. याला भरपाई कसली? बाईंचं ऑफिस द्वारका चौकाजवळ, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. हात रुमालात गुंडाळून मी समोर बसलो.

"सकाळी उठल्यापासून सांगा. काय काय जमत नाही?"

"सगळं जमतं, बाई."

"शर्टाची बटणं कोण लावतं?"

शेजारून माझी बायको सुनंदा हळूच म्हणाली, "मी लावते."

"मग वहिनी, तुम्हीच बोला. यांना अजून वेळ लागेल."

पण वाढवून सांगितलेलंही त्यांना खपत नसे. एकदा एक जण लंगडत आला, आपलं दुखणं सांगून गेला. बाई सहज खिडकीपाशी गेल्या, तर हा गडी रस्त्यावर पळत बस पकडतोय! दुसऱ्या दिवशी त्याचे कागद त्याच्या हातात. "जेवढं गेलंय तेवढंच मागायचं," त्या म्हणायच्या, "पण तेवढं मागताना मान खाली घालायची नाही."

माझ्या साक्षीच्या दिवशी कळवणकडच्या आमच्या गावाहून वडील आले. त्यांना मी निम्मं काही सांगितलंच नव्हतं. कोर्टात ते मागच्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून बसले. कारखान्याच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, "घरी आपली आपण सगळी कामं करता ना?" मी मागे पाहिलं. 'हो' म्हणालो असतो तर वडिलांपुढे अब्रू राहिली असती आणि केस गेली असती. बाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. शांतपणे पेनाचं टोपण लावत होत्या.

"नाही साहेब," मी म्हणालो. "पायजम्याची नाडी बायको बांधते. भाकरी मोडून तीच देते."

कोणी हसलं नाही. बाहेर आल्यावर वडिलांनी टोपी डोक्यावर घातली. मग माझा तुटका हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "येवढं व्हतं, तं मला सांगाया काय झालं व्हतं रं?" बाई जरा लांब जाऊन उभ्या राहिल्या.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पेढे घेऊन गेलो, तर बाई म्हणाल्या, "आता काय जमतं, ते सांगा." सुनंदा म्हणाली, "हे बोलतात छान. आणि मशीनमधलं यांना सगळं कळतं." त्याच जोरावर आम्ही पंपाच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. नारळ फोडायला बाईच आल्या. आज वणी-कळवणकडचे शेतकरी बिघडलेला पंप घेऊन थेट माझ्याकडे येतात.

पुढे गुडघे साथ देईनात, म्हणून बाई मुलाकडे नागपूरला निघाल्या. नाशिकरोड स्टेशनवर आम्ही बरेच जण जमलो. कोणी कुबडीवर, कोणी बहिणीचा हात धरून. बाई खिडकीतून ओरडल्या, "आज कोणाची तारीख आहे का? मग कामधंदा सोडून इथं कशाला आलात?" आणि पदर डोळ्यांना लावून आत वळल्या.

गाडी गेली. फलाटावर एक बाई लहान मुलीला घेऊन घुटमळत उभी होती. तिच्या नवऱ्याचा पाय कारखान्यात गेला होता, आणि वकीलबाई आज जाणार हे तिला उशिरा कळलं होतं. "आता आमचं कोण बघणार, दादा?" तिनं विचारलं.

"बाईंच्या हाताखाली शिकलेली एक वकील आहे, त्यांच्याच ऑफिसात बसते," मी म्हणालो. "चला, मी येतो तुमच्याबरोबर."

मुलीला सुनंदानं कडेवर घेतलं, आणि आम्ही द्वारकेला जाणारी बस पकडली.