एका वेळी एकच

माझ्या लेकीच्या उष्टावणाला भाऊ अंजूरहून आला तो खाडीतली ताजी बोय मासळी घेऊनच. त्याने भाचीला खीर भरवली आणि लगेच सासूबाईंनी बजावलं, की मासा, अंडं, शेंगदाणा, यातलं काही पोर तीन वर्षांची होईस्तोवर द्यायचं नाही. का, तर माझा नवरा तान्हा असताना पडघ्याला एका लग्नाच्या हळदीत कुणीतरी त्याला ताटातलं सगळं थोडं थोडं चाटवलं, आणि त्याचं तोंड असं सुजलं की डोळे उघडेनात. तेव्हापासून या तिन्ही वस्तू त्याला कायमच्या बंद.

पण मी खाडीकाठची. माझी पोर आजोळी जाऊन नुसता वरणभात खाणार? अहो, हट्!

मी सांगितलं, मी देणार, आणि चोरून नाही देणार. त्यावर त्या म्हणाल्या, "पोरीला काय झालं तर तिचं खानंपिनं माझ्याकडं. तू हात लावायचा न्हाय."

कबूल, म्हटलं. 

कामतघरच्या आमच्या खोलीच्या उंबऱ्यात, भर सकाळी, पोरीला मांडीवर घेतलं. उकडलेल्या बोयीचा काटा बोटांनी तपासून नखाएवढा तुकडा कुस्करून दिला. सासूबाई समोर ठाण मांडून बसल्या. बाजूच्या कारखान्यातल्या लूमचा खडखडाट चालला होता, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता पोरीच्या तोंडाकडे बघत होतो. दुपार झाली. काही नाही. चार दिवस फक्त मासाच दिला. मग शेंगदाण्याचं कूट, पेजेत अगदी पातळ कालवून. पुन्हा चार दिवस. काही नाही. मी चाळभर मिरवले.

मग उकडलेलं अंडं दिलं. अर्ध्या तासात पोरीच्या गालावर, मानेवर लाल गांधी उठल्या. मी तिला उचलून डॉक्टरकडे पळाले, सासूबाई माझ्यामागे अनवाणी. औषधाने संध्याकाळपर्यंत अंग निवळलं. आता पोरीचं खाणंपिणं गेलं आपल्या हातातून, असं मी धरूनच चालले होते. रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

सासूबाईंनी पोरीचा गाल बोटाने चाचपून पाहिला. मग म्हणाल्या, "अंडं बंद. म्हावरं चालू ठेव." आणि थोड्या वेळाने, "तिन्हीतलं माझ्या लेकाला काय बाधलं, ते मला अजून ठाव न्हाय."

रविवारी नवऱ्याला ड्युटी नव्हती. सासूबाईंनी त्याच्या ताटात बोयीचा नखाएवढा तुकडा ठेवला आणि समोर ठाण मांडून बसल्या. तो अठ्ठावीस वर्षांचा होता.