अकरा नंबरची पेटी

जहाजावर सगळे तिला मावशी म्हणत, पण तिच्या खाऱ्या पाण्याच्या बादल्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. तळाखालच्या थरांतली वीज मोजायला समुद्रतळावर सोडायच्या पेट्यांचे इलेक्ट्रोड ती त्यांत दोन दिवस भिजत ठेवायची. गोडं पाणी लागलं, की ते वाटेल ते आकडे दाखवायचे.

एका मोहिमेत समुद्रतळाखालचे दोन नकाशे एकावर एक ठेवून पाहिले. आवाजाच्या लहरींवरून काढलेल्या नकाशात खाली नुसता कठीण खडक होता. पेट्यांच्या आकड्यांवरून काढलेल्या विजेच्या नकाशात मात्र त्या खडकाखाली ओली वाळू दिसत होती, तीही एकट्या अकरा नंबरच्या पेटीपाशी.

"इलेक्ट्रोड गोड्या पाण्यानं धुतले असतील. वगळा ती पेटी," मोहिमेचे प्रमुख साहेब म्हणाले.

मावशीचा पारा चढला. "बावीस वर्षांत माझ्या बादलीत गोड्या पाण्याचा थेंब पडलेला नाही, साहेब! तुमचा आवाज खडकावरच आपटून परत आलाय. भोक पाडून बघा, नाहीतर मला घरी पाठवा."

पेटी नकाशात राहिली. महिन्याभरानं तिथंच भोक पाडलं, तेव्हा खडकाखालून नळीभर ओली वाळू वर आली.

पुढच्या मोहिमेला साहेब स्वतः समुद्राच्या पाण्याची बादली भरून घेऊन आले. मावशीनं बोट बुडवून चाखलं.

"ठेवा," ती म्हणाली.