नसलेल्या बोटाला बसलेला चटका

मांजर आडवं गेलं तर मी म्हणतो, त्याला काम असेल म्हणून गेलं. अमावास्येला मसणवाट्यावरून शीळ घालत जाणारा माणूस मी. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव बायकोला वाचून दाखवायचो आणि हसायचो — लोकांना उद्योग नाहीत! तर परवा ती म्हणाली, "आन् तुमच्या बोटाचं काय? ते लिवा की." म्हणून लिहितोय.

माझं गाव डोंगरकडा. राज्य निजामाचं, तिकडं युरोपात दुसरी मोठी लढाई चालू होती. मी हिंगोलीच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात तेलवाला होतो. वर हॉलमध्ये ओळीनं मशिनी, प्रत्येकीपुढं कापूस घालायला एक बाई. खाली भुयारासारख्या जागेत एक लांबलचक लोखंडी दांडा फिरायचा, त्याच्या पट्ट्यांवर वरच्या मशिनी चालायच्या. त्या दांड्याच्या बेअरिंगांना तेल घालायचं आणि डाव्या हातात तेलाचा डबा, म्हणून उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची पाठ टेकवून बघायची. कोमट लागलं तर ठीक. चटका बसला की ओरडायचं, कारण खाली सगळीकडं रुईचा भुगा... एक ठिणगी पुरे! इंजिन थांबवलं की परत चालू करताना नाकी नऊ यायचे, म्हणून हे सगळं दांडा फिरत असतानाच करायचं. हुकूमच तसा होता.

एका दुपारी तेच बोट पट्ट्यात सापडलं. मुळापासून गेलं. बाकीची तीन राहिली, पण बधिर. दवाखान्यातून परत आलो तर माझ्या जागी गंगाराम नावाचा नवा माणूस. मॅनेजर म्हणाला, "चूक तुझी. जा घरी." शेत नाही, बायको सात महिन्यांची गरोदर. जाऊन खाऊ काय, माती?

आमचे फरीदमिस्त्री इंजिन सांभाळायचे. त्यांनीच सांगितलं, कामावर अंग गेलं तर भरपाई द्यायचा नवा कायदा आलाय. त्यांनीच अर्ज लिहवून घेतला. आणि खरंच, चौकशीला एक ऑफिसर जिनात आले.

मॅनेजर म्हणाला, "साहेब, नऊ बोटं शाबूत आहेत याची. एका बोटानं काय अडतं?"

मी म्हणालो, "साहेब, आमच्या धंद्यात तेच बोट कामाचं. त्याच्याबिगर गरम-थंड कळत न्हाई मला. कोण ठेवून घेईन आता?"

ऑफिसरांनी लिहून घेतलं. सगळा दावा त्या एका वाक्यावर उभा होता. मग ते हॉल बघायला निघाले, मागोमाग आम्ही. दारात पाय ठेवला आणि मला चटका बसला!

बोटाला. जे नव्हतंच त्या बोटाला.

"आई गं!" म्हणून हात झटकला, बघतो तर बोटाच्या जागी नुसता व्रण. पण आग अशी, की बेअरिंगला टेकल्यावर व्हायची अगदी तीच. आणि कोणतं बेअरिंग तेही कळलं — अगदी शेवटचं, पार त्या टोकाचं. कसं कळलं? राम जाणे.

तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. आत्ताच सांगितलं होतं ना, मला गरम-थंड कळत नाही! ओरडलो तर दावा गेला. गप्प राहिलो तर वर चाळीस बाया बसलेल्या, आणि बाहेर पडायला दार एकच. खरं सांगतो, तेवढ्यात मला बायकोचं पोट दिसलं. लाज वाटते, पण दिसलं.

मग ओरडलो. "इंजिन बंद करा! शेवटचं बेअरिंग पेटून राहिलं!"

मिस्त्रींनी काहून-कशाला काही विचारलं नाही, इंजिन बंद पाडलं. बाया बाहेर पळाल्या. साहेबांसकट खाली गेलो तर बेअरिंगातून धूर, आणि बुडाशी रुई धुमसायला लागलेली. चार बादल्यांत विझली. गंगाराम तिथंच उभा, बोटाला ही जाड चिंधी.

"हे काय रे?"

"तुमच्यावानी बोट जाईन म्हून गुंडाळली, दादा."

"अरे येड्या, मंग चटका कळंल कसा?"

इतके दिवस तो चिंधीनंच बेअरिंगं तपासून राहिला होता!

मॅनेजरला तर आयतंच सापडलं. "बघा साहेब! एवढ्या लांबून कळलं याला. कसली भरपाई?"

ऑफिसरांनी माझा हात हातात घेतला. "कौनसी उंगली जली?" मी व्रणावर बोट ठेवलं. ते मॅनेजरकडं वळून म्हणाले, "जो उंगली हाथ पर नहीं, भरपाई उसी की होती है. वो बाद में क्या करती फिरे, ये कानून में लिखा नहीं. और चलती मशीन में हाथ डलवाते हो, वो आज मुझे मालूम हो गया."

दावा मंजूर झाला. त्यातून एक म्हैस आली, गावानं तिचं नाव पाडलं 'बोटाची म्हैस'. तिच्या दुधावर पोरगी वाढली, पुढं रेडकं झाली, गोठा झाला. चांगलं चाललंय, तक्रार नाही.

माझा भाचा डॉक्टर आहे. तो म्हणतो, मामा, तुटलेला अवयव दुखतो, खाजतो, त्यात नवल नाही. बराबर. आधीही ते बोट खाजायचंच. पण हॉलच्या या टोकाला उभ्या माणसाला त्या टोकाचं बेअरिंग कसं भाजलं? त्यावर तो चहा पितो.

आणि अजून एक. भरपाई घेताना कचेरीत कागद पुढं आला, 'सदर बोटाबद्दल यापुढे काही मागणे नाही' असं वाचून दाखवलं. तेव्हा सही येत नव्हती, मी अंगठा उठवला. त्या घटकेपासून बोट गप्प झालं. दुखणं नाही, खाज नाही, कडाक्याच्या थंडीतसुद्धा काही नाही. मिस्त्री हसून म्हणाले, "बेच दी ना तूने, अब काहे को बोलेगी?"

मीही हसलो होतो. पण धार काढताना कधीकधी वाटतं, अंगठा उठवायच्या आधी त्या बोटाला एकदा विचारायला पाहिजे होतं.